शेठला एकटं राहवेना

कोकिळा न्हाणीत होती आणि बाहेर शेठने घर डोक्यावर घेतलं होतं.

“आले रे, आले! इथंच आहे मी!” ती आतून ओरडली. तेवढ्याने त्याचं भागलं नाही. डोळ्यात साबण गेलेला, तरी तिने ओठांचा चंबू करून शीळ घातली. क्षणभर शांतता, आणि मग पुन्हा तीच किंकाळी. शेवटी केस तसेच साबणाचे ठेवून ती साडी गुंडाळून बाहेर आली. पिंजऱ्याचं दार उघडताच शेठ खांद्यावर चढला, तिच्या कानाला डोकं घासलं आणि असा काही साळसूद चेहरा केला, की जणू या घरात कधी कुणी ओरडलंच नाही.

“आंघोळ झाली, का अर्धीच?” शालिग्रामने पेपरातून मान वर न काढता विचारलं.

“अर्धीच.”

“मग उरलेली आखाजीला माहेरी कर. जाणार आहेस ना औंदा?”

नवरे मंडळींना नेमकं कुठे बोट ठेवावं ते बरोबर कळतं. शेठला घेऊन कोकिळा शिलाई मशीनवर जाऊन बसली.

शेठ म्हणजे पोपट. आपला हिरवा नव्हे, परदेशी जातीचा, राखाडी अंगाचा आणि डोक्यावर पिवळा तुरा असलेला. त्या तुऱ्यामुळे तो पगडी घालून गादीवर बसल्यासारखा दिसायचा, म्हणून शेठ. लेकीने, नूतनने, हौसेने आणला आणि पुण्याला नोकरी लागल्यावर “दोन महिने सांभाळ गं” म्हणून आईकडे ठेवून गेली. असल्या दोन महिन्यांचं काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. धरणगावच्या त्या गल्लीत कोकिळा ब्लाऊज शिवायची, दिवसभर घरीच. लेक गेल्यावर घर खायला उठायचं, आणि शेठ खांद्यावर बसायचा. दोघांचंही बरं चाललं होतं, आणि खरी गोची तीच होती.

मध्ये एकदा ती माहेरी एक रात्र राहिली. परत आली तर शेठने दाण्याला चोच लावली नव्हती आणि छातीवरची पिसं उपटून टाकली होती. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत ती कुठे मुक्कामी गेली नाही. गेल्या आखाजीलाही सकाळी धुळ्याकडे माहेरी गेली आणि दिवस मावळायच्या आत परत फिरली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खान्देशात लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, चार दिवस कुणाचं ऐकत नाहीत. आणि कोकिळा परत निघायला चपला हातात धरून उभी होती.

परवा भावाचा, सुकदेवचा, फोन आला आणि त्याने तो आईच्या हातात दिला. कमलबाई आता फार थकली होती. अहिराणी बोलणं मात्र ताठ होतं.

“बठ्ठ्या लेकी आखाजीले येतस, ऱ्हातस. तू चहा पिवाले येस नि जास. औंदा चार दिन ऱ्हायजो वं. पुढली आखाजी मी देखसू का नही, कोनले मालूम.”

“येसू ना आई. ऱ्हासू,” कोकिळा म्हणाली. म्हणाली खरी, पण फोन ठेवताच तिची नजर पिंजऱ्याकडे गेली. शेठचं काय करायचं?

तिने नूतनला व्हिडिओ कॉल लावला. लेकीने पुण्यातल्या कुठल्या पक्ष्यांच्या डॉक्टरला विचारून सगळं समजून घेतलं.

“आई, तो ओरडतो म्हणून तू माहेरी जात नाहीस. आणि ओरडला की तू त्याच्याकडे धावतेस म्हणून तो ओरडतो. ओरडत असताना त्याच्याजवळ जायचंच नाही. गप्प झाला की जायचं. आणि त्याला काहीतरी उद्योग दे. दिवसभर तुझ्या खांद्यावर बसून तो करणार काय?”

“तुला बोलायला काय जातं? टाकून गेलीस तू.”

“टाकून कुठे? तूच म्हणालीस, नको नेऊस.”

हेही खरंच होतं.

होळी होऊन गेली तशी शेठची शाळा सुरू झाली. खांद्यावर बसणं बंद, मशीनच्या बाजूला एक फांदी रोवून दिली, तिथे बसायचं. शालिग्रामने बाजारातून केळीच्या घडाचा दांडा आणला आणि त्याला भोकं पाडून आत भुईमुगाच्या शेंगा खोचून तो पिंजऱ्यात टांगला. शेठ आधी त्या दांड्याला भ्यायला, मग त्याच्याकडे पाठ करून बसला. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्या यापुढे फक्त शालिग्रामने द्यायच्या असं ठरलं, आणि कोकिळेला सगळ्यात जड गेलं ते हेच. शालिग्राम कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता, हंगाम संपल्यामुळे सध्या निम्मा वेळ घरीच. आजवर शेठ त्याच्या बोटाला कडकडून चावत आला होता.

“ये शेठ, ये,” तो बी पुढे करायचा. “तुझी मालकीण नाही देणार आता. मीच देणारा.”

“एवढं मोठ्याने कशाला सांगायचं त्याला?” कोकिळा मशीनवरून म्हणायची.

हळूहळू फरक पडला. शेठ फांदीवर बसू लागला, शालिग्रामच्या हातचं खाऊ लागला. पण घरात कुणी नसलं की पुन्हा तेच. शालिग्राम जिनिंगला आणि कोकिळा भाजीला गेली, की शेठचा आवाज पार गल्लीच्या तोंडापर्यंत. ती तिथल्या लिंबाखाली जीव मुठीत धरून उभी राहायची, तो गप्प झाला की मगच घरात शिरायची. आणि तो गप्प व्हायचा! तिला वाटायचं, जमतंय. पण दुसऱ्या दिवशी तो आणखी जोरात ओरडायचा. असं का होतंय, तिला काही उमगेना.

एकदा ती नेहमीच्या जागी न थांबता मागच्या बोळातून आली. पाहते तर शेजारच्या भंवरीबाई खिडकीच्या गजातून हात घालून पिंजऱ्यातल्या शेठला काजूचा तुकडा भरवत होत्या.

“खा बेटा. खा. येईल ती. रडू नको.”

भंवरीबाई जैन, किराणा दुकानवाल्या अमृतलाल शेठजींच्या आई. सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या, मुंगीवर पाय पडेल म्हणून खाली बघून चालणाऱ्या.

“काकी! रोज देता का तुम्ही हे?”

“मग काय करू? जीव रडते, आणि मी कानात बोटं घालून बसू? तुझं काळीज दगडाचं असेल, माझं नाही.”

कोकिळेचा बांध फुटला. “अहो, तो रडला की तुम्ही काजू देता, म्हणून तो आणखी रडतो! इतके दिवस मी काय उन्हात मजा म्हणून उभी राहतेय? माझी आई वाट बघतेय तिकडे. पुढच्या वर्षी ती असेल का नसेल! या पोपटापायी मी तिला भेटू नको का?” बोलता बोलता ती रडायला लागली. हातातल्या पिशवीतून वांगी घरंगळली.

भंवरीबाईंनी हात मागे घेतला आणि त्या घरी गेल्या. मग दोन दिवस दोन्ही दारं एकमेकांशी बोलली नाहीत. कोकिळेला वाईट वाटत राहिलं. बाई वयाने आईएवढ्या, आणि त्यांनी काय केलं होतं, तर दयाच केली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतःच आल्या. काखेत गुंडाळलेलं आसन, हातात जपमाळ, जैनांच्या सामायिकाची, म्हणजे ध्यानाच्या बैठकीची, तयारी.

“कोकिळा, मी तुझ्या घरात सामायिक करते.”

“इथं?”

“इथंच. पोपटाच्या समोर. सामायिकमध्ये बसली की मला उठता येत नाही, बोलता येत नाही. मन किती जरी वितळलं ना, हात हलणार नाही. तू बाहेर जा. त्याला वाटेल, माणूस आहे, पण काजू नाही.”

कोकिळेने पंखा लावायला हात वर केला.

“पंखा नको,” भंवरीबाई म्हणाल्या. “हवेत पण जीव असते.”

एप्रिलची दुपार, जळगाव जिल्ह्यातली. ज्यांनी ती भोगली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. भंवरीबाईंनी तोंडावर पट्टी बांधली, आसन घातलं आणि डोळे मिटले. कोकिळा दार ओढून बाहेर गेली आणि खिडकीच्या आडोशाला उभी राहिली.

शेठ ओरडला. भंवरीबाईंचा मणी पुढे सरकला. शेठ पिंजऱ्याच्या गजांना लटकून ओरडला, तुरा उभारून ओरडला, मान वाकडी करून बाईंकडे बघून ओरडला. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एकदा त्यांची बोटं थांबली, ओठ घट्ट मिटले, आणि मणी पुन्हा सरकू लागला. बराच वेळ असा गेला. मग शेठ गप्प झाला. थोडा इकडे फिरला, थोडा तिकडे. आणि दुसरं काहीच करण्यासारखं नाही असं दिसल्यावर दांड्यापाशी जाऊन त्याने एक शेंग उपसून काढली.

शेंग फोडल्याचा आवाज कोकिळेने बाहेरून ऐकला आणि तिला इतका आनंद झाला, की नूतन दहावीला पास झाली तेव्हाही झाला नसेल.

सामायिक पुरी करून भंवरीबाईंनी पट्टी सोडली, तेव्हा त्यांची साडी घामाने अंगाला चिकटली होती. “आज नवकार मंत्रामध्ये माझं मन एक पळ पण नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सगळं त्या पोपटात.”

“मग ही सामायिक झाली म्हणायची का, काकी?”

“ते भगवान बघेल. तू पाणी दे आधी. उकळलेलं आहे का?”

त्या रोज दुपारी येत राहिल्या. पुढे पुढे शेठ त्यांच्या समोरच एका पायावर उभा राहून पेंगू लागला. मग त्या आल्या नाहीत तरी त्याचं अडेना. कोकिळेचे आखाजीचे ब्लाऊज शिवून हातावेगळे झाले, आणि ती पिशवी भरून निघाली. निघताना शेठला कुरवाळायचं नाही, रोज भाजीला जाते तसंच जायचं, असं नूतनने बजावलं होतं. ती तशीच गेली. एसटीत बसल्यावर मात्र पदर डोळ्यांना लावला.

माहेरी लिंबाला झोका बांधला होता. खापरावरचे मांडे झाले, खरबूज कापलं गेलं, पूर्वजांच्या नावाने घागर भरली गेली. भाचसुनांबरोबर कोकिळाही झोक्यावर उभी राहिली आणि इतक्या वर्षांनी गाणी तोंडात आली याचं तिलाच नवल वाटलं. संध्याकाळी तिने घरी फोन लावला.

“खाल्लं का त्यानं?”

“खाल्लं.”

“ओरडला?”

“सकाळी जरासा. मग माझ्या डोक्यावर येऊन बसला. आता दांडा कुरतडतोय.”

“माझी आठवण?”

“काढतो ना. मी काढतो.”

ती हसली. जीव भांड्यात पडला, आणि लगेच कुठेतरी थोडं टोचलंही. मत्सर म्हणायचा तर मत्सरच. आपल्याशिवाय ज्याचं पान हलत नव्हतं, त्याचं आता छान हलत होतं.

कमलबाई मात्र तिला नजरेआड होऊ देत नव्हती. कोकिळा अंगणात गेली तरी खाटेवरून हाक यायची, “कोठे जाई ऱ्हायनी वं?” “आठेच शे आई,” इथंच आहे म्हणून ती सांगायची. दुपारी आईच्या पायांना तेल लावताना दोघी कुणाकुणाबद्दल बोलत बसायच्या, गेलेल्यांबद्दल, गावातून उठून गेलेल्यांबद्दल. चार दिवस कसे गेले कळलं नाही. कोकिळा सुखात होती, आणि हे सुख इतकी वर्षं आपण अडवून धरलं होतं याची रुखरुखही तिला होती.

निघायच्या दिवशी दुपारी पिशवी भरून झाली. आई जेवून आडवी झाली होती. कोकिळा खाटेच्या काठावर टेकली आणि बोलता बोलता आईचा डोळा लागला. थोड्या वेळाने सुकदेव दारात आला.

“अक्का, रिक्षा उनी शे. चाल, गाडी चुकी जाई.”

कोकिळा उठायला गेली आणि पदर ओढला गेला. आईने झोपेत त्याचं टोक मुठीत धरलं होतं. सुरकुतलेली, शिरा वर आलेली ती मूठ कोकिळेने दोन बोटांनी हलकेच उघडून पाहिली. ती आणखी घट्ट मिटली.

दोन महिने ती हेच तर शिकली होती, मागे न बघता, गाजावाजा न करता उठून कसं जायचं ते.

“अक्का?”

“रिक्षा धाडी दे,” ती हळू आवाजात म्हणाली. “आज नही जात मी. सकाय देखसू.”

“नि तुना पोपट?”

“त्याले मनी गरज नही आते.”

सुकदेव रिक्षावाल्याला सांगायला बाहेर गेला. आईने झोपेतच कूस बदलली. पदर ताणला जाऊ नये म्हणून कोकिळा आणखी थोडी जवळ सरकली.