सरकतं स्वयंपाकघर

द्रौपदीनं मेस बंद केली तेव्हा बुवापाड्यातल्या बायकांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. अंबरनाथच्या कारखान्यांमधली एकटी राहणारी पोरं वर्षानुवर्षं तिच्या हातचं जेवून कामावर जायची. पण द्रौपदीच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. ओट्यापाशी उभं राहिलं की पोटऱ्यांत आग व्हायची. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता बसायचं." मग तिनं एका महिनाअखेरीला पोरांना पुरणपोळी करून घातली, मोठी पातेली भांडीवाल्याला देऊन टाकली आणि ती बसली.

त्याच सुमाराला तिचा नवरा शिवराम कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आला. सगळी हयात फिटर म्हणून गेलेली. असा माणूस घरात बसला की घराचा जीव नकोसा करतो. त्यानं आधी नळ दुरुस्त केले, मग शेजाऱ्यांचे नळ. मग दिवसभर टीव्ही. आणि एक दिवस टीव्हीवर कुठल्याशा गोऱ्या म्हातारा-म्हातारीची गोष्ट लागली. ती दोघं गाडीच्या मागं चाकांवरचं घर जोडून गावोगाव हिंडत होती. तळ्याकाठी घर उभं करायची, बाहेर खुर्च्या टाकून बसायची. शिवरामनं हाक मारली, "अगं, बघ तरी इकडं!"

द्रौपदीनं पाहिलं. म्हातारी खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल होती, आणि ती नुसती पाण्याकडं बघत होती.

"आपण बनवू असं," शिवराम म्हणाला. "जीपची जुनी ट्रॉली उल्हासनगरच्या भंगारात मिळेल. वेल्डिंग मी करतो. ओढायला किसनची जीप आहेच. मुरुडला जाऊ, दिवेआगरला जाऊ. तू समुद्र कुठं पाहिलास धड?"

समुद्र तिनं पाहिला होता, चैत्यभूमीला गेल्यावर, गर्दीच्या डोक्यांवरून. त्या रात्री तिला छान झोप लागली.

ट्रॉली आली. घराशेजारच्या मोकळ्या जागेत विटांवर चढवली गेली. शिवरामनं गंज घासून काढला, चौकोनी पाइपचा सांगाडा उभा केला, वर पत्रा चढवला. आत काय कुठं करायचं ते त्यानं जमिनीवर खडूनं आखलं आणि बायकोला विचारलं, "तुला काय पायजे, सांग."

द्रौपदीनं खूप विचार करून एकच गोष्ट मागितली. "एका अंगाला खिडकी करा. आणि खिडकीला लागून बसायला बाक. पाय वर घेऊन बसता येईल असा."

"एवढंच?" शिवराम हसला आणि त्यानं खडूनं बाक आखला.

मग स्वयंपाकघराचं निघालं. ते कुणी काढलं, हे तिला नंतर कितीही आठवून सापडलं नाही. बहुधा किसननंच काढलं असणार. किसन हा शिवरामचा कंपनीतला दोस्त, आता बदलापूर स्टेशनवरून आपल्या जीपनं खेड्यांची पॅसेंजर मारायचा. तो म्हणाला, "भावा, पण जेवायचं काय? आणि आत गॅस पेटवलास तर भट्टी होईल भट्टी." शिवराम दोन दिवस टेप घेऊन ट्रॉलीभोवती घिरट्या घालत होता. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "स्वयंपाकघर बाहेर काढायचं. टेबलाच्या खणासारखं. मागचं दार उघडायचं, ओढायचं, की आख्खा ओटा बाहेर! काम झालं की ढकलून आत."

त्या कल्पनेनं तो जो पेटला, तो पेटलाच. आणि खरं सांगायचं तर द्रौपदीही पेटली. कारण आयुष्यात पहिल्यांदा तो तिला काही विचारत होता. ओटा किती उंच हवा? शेगडी डावीकडं की उजवीकडं? मसाल्याचा डबा हाताशी कुठं आला पाहिजे? ती पिठाच्या हातांनी उभी राहून दाखवायची आणि तो तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. "वारा येईल तेव्हा जाळ विझेल, शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्रा लावा," ती म्हणायची. "पोळपाटाला खाच ठेवा, नाहीतर घसरेल." तो पेन्सिल कानावर ठेवून मान डोलवायचा. "तू इंजिनीयर व्हायला पायजे होतीस," असं एकदा म्हणाला. ते वाक्य तिनं पोरीला, यशोधराला, फोनवर दोनदा सांगितलं.

खण ज्यांवर सरकणार ती चॅनल घ्यायला दोघं उल्हासनगरला गेली. कॅम्प एकमध्ये एका सिंधी दुकानदारानं काउंटरवर लोखंडी चॅनल सरकवून दाखवलं. "साईं, इसपे आदमी बैठ जाए तो भी कुछ नहीं होगा." शिवराम खरंच त्यावर रेलून बघत राहिला. द्रौपदी दारात उभी राहून बाजार बघत होती. परत येताना त्यानं तिला गाडीवरचं दाल-पकवान खायला घातलं. दुसऱ्यानं केलेलं, गरम, हातात आलेलं. वर कांदा भुरभुरलेला. ती खाताना हसली तेव्हा शिवरामला वाटलं, ही चॅनल मिळाली म्हणून खूश आहे.

चॅनल बसवायच्या दिवशी त्यानं तिला बाहेर बोलावलं. जरा अपराधी चेहऱ्यानं म्हणाला, "खण आत जायला लांबी कमी पडतेय. बाक काढावा लागेल. आणि खिडकीवर टाकी येते पाण्याची. चालेल ना?"

"मग मी बसू कुठं?"

"बाहेर खुर्च्या असतीलच की! आत काय बसायचंय?"

हेही खरंच होतं. ती हो म्हणाली. खडूचा बाक केव्हाच पुसला गेला होता, त्यावर चार लोक चालून गेले होते.

थंडी पडली तेव्हा ट्रेलर तयार झाला. पांढरा रंग, खाली निळी पट्टी. मागचं दार वर उचललं आणि कडी ओढली की ओटा सरसर बाहेर यायचा, त्याला दोन पाय फुटायचे, शेगडी, कप्पे, भांडी अडकवायचे आकडे, सगळं आपापल्या जागी. बुवापाड्यातली पोरंसोरं गोळा व्हायची. "चायनीजची गाडी टाकताय का काका?" असं कुणी विचारलं की शिवरामला राग यायचा. फक्त एक गोष्ट राहिली होती. ओटा बाहेर काढल्यावर तो तिथंच अडकून राहावा म्हणून खिट्टी बसवायची होती. "तात्पुरती वीट लावू," तो म्हणाला. "जमीन सपाट असली की काय होतंय?"

पहिली फेरी बारवी धरणाकडं ठरली. समुद्राच्या आधी रंगीत तालीम. द्रौपदीनं नवी साडी नेसली, केसात अबोली माळली. बाहेर येऊन पाहते तर जीपमध्ये किसन, आणि मागं कंपनीतले आणखी चौघं.

"हे कुठं?"

"अगं, बघायला येतायत. एवढं बनवलं, कुणाला दाखवायचं नाही?"

धरणाच्या अलीकडं, भातकापणी होऊन मोकळ्या झालेल्या एका खाचरात त्यांनी ट्रेलर उभा केला. खाली पाणी होतं, पलीकडं जंगल. शिवरामनं सगळ्यांना गोल उभं केलं, दार उचललं, ओटा ओढला आणि चॅनलमध्ये वीट अडकवली. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. किसन ओरडला, "एक नंबर! वहिनी, आता मटण होऊन जाऊ द्या!" मटण पिशवीत होतंच. ते आणलंय, हेही तिला आधी माहीत नव्हतं.

खुर्च्या मांडल्या गेल्या. पुरुष बसले, पाण्याकडं तोंड करून. द्रौपदी ट्रेलरच्या मागं उभी राहिली. मागचं तोंड उन्हाकडं होतं, पाणी तिच्या पाठीशी. तिनं कांदा चिरला, मटण शिजत घातलं, भाकऱ्या थापल्या. मध्येच "वहिनी, पापड आहेत का", "वहिनी, थोडी भजी होतील का". ओटा खरंच तिच्या मापाचा होता. हात जाईल तिथं मीठ, हात जाईल तिथं तिखट. कुठं वाकायला नको, कुठं शोधायला नको. तिला थांबायला निमित्तच उरलं नव्हतं. पोटऱ्या पेटल्या होत्या.

खुर्च्यांकडून शिवरामचा आवाज येत होता. "पुढच्या महिन्यात मुरुड. सगळे चला. आपली खानावळ आता चाकांवर आहे."

भज्यांचं तेल तापलं होतं. तेवढ्यात ऊन खुर्च्यांवर आलं आणि कुणीतरी म्हणालं, गाडी जरा त्या आंब्याखाली घेऊ या. जीप सोडलेली होती. "हातानं ढकलू," किसन म्हणाला.

"थांबा, गॅस बंद करते," द्रौपदी म्हणाली.

"कशाला?" शिवराम हसत आला. "तू तळत राहा. बघू दे यांना. चालत्या गाडीत भजी! त्यासाठीच तर बनवलंय."

"अहो, तेल आहे."

"काही होत नाही गं. मी धरलंय ना."

तिनं झारा हातात घेतला. ओट्याचे पाय दुमडून पाच जणांनी ट्रेलरला रेटा दिला. तो दोन हात गेला, आणि एक चाक बांधावरून खाली बसलं. वीट निसटली. ओटा जितक्या झटक्यात बाहेर यायचा तितक्याच झटक्यात आत गेला, कढई दाराच्या चौकटीला आपटली आणि तेल तिच्या डाव्या पायावर आलं.

ती ओरडली की नाही, हे तिला आठवत नाही. खाली बसल्याचं आठवतं. शिवराम धावत आल्याचं आठवतं. त्यानं गॅस बंद केला. मग तो गुडघ्यावर बसला, ओट्याच्या खाली वाकला, हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "किसन, चॅनल वाकलं का बघ रे."

मगच तो तिच्याकडं वळला.

शेजारच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. गयाबाई तिचं नाव. तिनं भारा टाकला आणि पाण्याचा कॅन उचलून आली. "बाय गो, हालू नको. पानी वतते. साडी वडू नको, कातडं येल संगट." ती पाणी ओतत राहिली, पुरुषांना शिव्या देत राहिली. किसननं जीप आणली. गयाबाईच आत चढली आणि तिनं द्रौपदीचा पाय मांडीवर घेतला.

"तुम्ही या," द्रौपदी नवऱ्याला म्हणाली.

शिवरामनं एकदा जीपकडं पाहिलं, एकदा ट्रेलरकडं. "गाडी उघडी टाकून कसा येऊ? चॅनल, शेगडी, कुणी काढून नेईल. तू हो पुढं, किसन आहे. मी मागून येतोच."

बदलापूरच्या दवाखान्यात पट्टी बांधताना नर्सनं विचारलं, "सोबत कोण?" गयाबाई म्हणाली, "मी हाय." तिला द्रौपदीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

यशोधराचं सासर बदलापुरातच. द्रौपदी तिच्याकडं राहिली. शिवराम संध्याकाळी आला तो हातात मोसंबी घेऊन. पलंगाशी बसला, पायाकडं बघून त्याचे डोळे भरले. खोटे नव्हते ते. रोज यायला लागला. आणि आठवड्यानं खिशातून एक लोखंडी वस्तू काढून त्यानं तिच्या हातात ठेवली.

"खिट्टी. लेथवर करून घेतली. आता हत्तीनं ढकललं तरी ओटा सुटणार नाही. तू बरी झालीस की बघ."

द्रौपदीनं ती उलटीसुलटी करून पाहिली. काम सुबक होतं.

"मला बसायला जागा मागितली होती मी," ती म्हणाली. "तुम्ही उभं राहायला करून दिलीत."

"म्हणजे? अगं, एकेक माप तुझं घेतलंय मी! सगळं तुझ्यासाठीच तर केलं."

"हो. माझंच माप आहे."

त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. त्यानं मात्र बाहेर जाऊन जावयाला विचारलं, औषधानं असं होतं का म्हणून.

पायाची जखम सुकल्यावर ती घरी परतली. पहिल्या दिवशी तिनं स्वतःपुरता भात टाकला, स्वतःपुरतं वरण केलं, पाट घेतला आणि बसून जेवली. शिवराम ताट घेऊन आला तर पातेली रिकामी. "माझं?"

"तुमच्याकडं आहे की स्वयंपाकघर."

त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. आठ दिवस तो हॉटेलात जेवला. मग एका सकाळी बाहेरून सरसर आवाज आला, खिट्टी खट्‍कन बसली, आणि थोड्या वेळानं फोडणी जळाल्याचा वास.

तेव्हापासून तसंच चाललंय. समुद्र राहूनच गेला. ट्रेलर घराला खेटून विटांवर उभा आहे. शिवराम दोन्ही वेळा ओटा ओढतो, स्वतःचं करतो, भांडी घासतो, ओटा आत ढकलतो. येणारे-जाणारे म्हणतात, म्हातारा हौशी आहे, बायकोला आराम देतो. उल्हासनगरहून खरोखरच चायनीजवाले येतात आणि तसाच ओटा करून मागतात. त्यांना तो अभिमानानं सांगतो, "घरच्या बाईला विचारून घेतलंय एकेक माप. हवं तर विचारा." आणि आतून कुणी येत नाही.

यशोधरा आली की तिची पंचाईत होते. तिला दोन्हीकडं जेवावं लागतं. परवा बापाकडं अर्धी भाकरी खाऊन ती आत आली, आईनं तिच्यापुढं ताट ठेवलं.

"काय केलं होतं त्यांनी?" द्रौपदीनं विचारलं.

"पिठलं."

"जमलं होतं?"

"खारट झालं होतं," यशोधरा म्हणाली. "पण खात होते. मला म्हणाले, चांगलं झालंय ना?"

त्याचं खारट झालं, याचं द्रौपदीला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली. तिनं पोरीच्या ताटात आणखी भात वाढला. पोरगी नको नको म्हणत होती तरी.