चेटकिणीची डावी भुवई

कला महाविद्यालयात व्यक्तिचित्रणात पहिला आलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी प्लायवूडच्या चेटकिणीला सुरकुत्या काढतो, तेव्हा त्याने निदान गप्प बसावे. चित्रकाराने तेही केले नाही. मनोरंजन उद्यानातली, छोट्या गाडीत बसून काळोखातून फिरायची 'गोष्टींची गुहा' दुरुस्तीसाठी बंद होती ते तीन आठवडे, झगझगीत दिव्यांखाली बसून, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला चेटकिणीचे अंतरंग समजावत राहिला. ती दुष्ट नव्हती, एकाकी होती. आणि ते एकाकीपण तिच्या डाव्या भुवईत होते.

"सर, चमकणाऱ्या रंगाचे डबे आहेत गोदामात," गाड्या सोडणारी ऑपरेटर दोनदा म्हणाली. "आधीचे पेंटर तेच लावायचे."

"फार भडक आहेत हो. दातांना लावतो तेवढे."

गुहा उघडली त्या दिवशी त्याने ताईला बोलावले. आईवडिलांमागे ताईनेच त्याला वाढवले, शिकवले. पण त्याच्या चित्रांकडे पाहून "हं" याच्या पुढे ती कधी गेली नव्हती. एकदा तरी तिने "छान काढलंस" म्हणावे, एवढ्यासाठी त्याने त्या चेटकिणीत जीव ओतला होता.

गाडी काळोखात शिरली. जांभळ्या दिव्यांत जुन्या पेंटरचे राजपुत्र आणि राक्षस झळाळत होते. मग वळण आले.

"आता बघ हं, ताई."

काळोखात बत्तीस दात अधांतरी हसत होते.

"कवळी?" ताईने विचारले.

"चेटकीण आहे गं. या दिव्यात साधा रंग दिसत नाही, बहुतेक." त्यातले 'बहुतेक' केवळ अब्रूसाठी होते. मागच्या गाडीतले कुटुंब खिदळले.

बाहेर येताच त्याने ऑपरेटरची मनधरणी केली. जेवणाच्या सुट्टीत तिने गुहेतले कामाचे दिवे लावून दिले. वायरी, पुसण्याची बादली, आणि त्यांच्यामध्ये चेटकीण.

ताईने चष्मा पुसला, पुन्हा घातला. ऑपरेटरने चेटकिणीकडे पाहिले, ताईकडे पाहिले आणि एकाएकी तिला बटणे तपासण्याची निकड भासली. तेव्हा कुठे चित्रकाराच्या डोक्यात प्रकाश पडला. तीन आठवडे ज्या प्रतिभेचे त्याने गोडवे गायले, तिने गुपचूप ताईचा चेहरा उतरवून घेतला होता. नाक तेवढे लांबवले होते.

"ताई, शपथ, मुद्दाम नाही काढली गं..."

"गप रे." ती अगदी जवळ गेली. "छान काढलंस."

ज्या शब्दांसाठी आयुष्य गेले, ते ऐकून त्याला बादलीआड लपावेसे वाटले.

"इतकी एकटी दिसते मी?"

अंतरंगावर बोलण्याची हीच वेळ होती, आणि पठ्ठ्याला एक वाक्य सुचेना. शेवटचा तिच्या घरी कधी गेलो, हे आठवून पाहिले, तेही जमेना.

"रविवारी जेवायला येऊ?" तो कसाबसा म्हणाला.

"ये. आधी कळव पण. दोघांचा स्वयंपाक करायची सवय मोडलीय."