मंगलीचं हव

मूल गावातल्या समुपदेशन केंद्रात बसणारा अतुल स्वतःला माणसांचं मन वाचणारा समजे. त्यासाठी समोरच्याला बोलू द्यावं लागतं, एवढंच त्याच्याकडून राहून गेलं होतं.

मंगली तीनदा येऊन गेली. मार्चात मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला, बुधूला, वाघानं नेलं. तेव्हापासून तिला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. अतुलनं तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, दुःखाचे टप्पे समजावले, झोपेवर तर अर्धा तास बोलला. प्रत्येक मुद्द्याला मंगली तिच्या बोलीत हो म्हणाली, "हव." अतुलनं वहीत लिहिलं, 'सहकार्य उत्तम.' पुढच्या बुधवारी याल ना, यालाही ती हवच म्हणाली. बुधवारी आली नाही.

रिकाम्या खोलीत त्यानं मागच्या भेटीचं रेकॉर्डिंग लावलं. ते तिला विचारूनच केलं होतं. तेव्हाही ती हव म्हणाली होती. चाळीस मिनिटांपैकी चौतीस मिनिटं अतुल. उरलेल्यात हव. अतुल मूळचा चामोर्शीचा, त्याच्या घरीही हवच चाले. सासरे गुणवंतराव धानाच्या रोवणीवर ज्ञान पाजळू लागले की तोही अगदी असंच हव म्हणायचा, डोळ्यांनी चप्पल शोधत! त्याचे कान तापले. मंगली जरा थांबली की हा घाईनं बोलायला लागे, कारण ती रडेल याची भीती त्यालाच होती. वडील गेले तेव्हाही तो घरभर सगळ्यांची समजूत घालत फिरला होता, स्वतः मात्र रडला नव्हता. दिव्याखाली अंधार, तोही दारावर पाटी लावून.

त्यानं तिच्या गावच्या आशा सेविकेकडे निरोप धाडला, एकदाच या, मी कमी बोलीन.

मंगली आली. अतुल गप्प बसला. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी प्यायला.

"आज तुमी बोलून नाई राह्यले, भाऊ. तब्येत बरी नाई का?"

"बरी हाय, बाई. ऐकून राह्यलो."



"त्या दिवशी सकाळी आमचं भांडन झालं," मंगली खाली बघत म्हणाली. "मी म्हनलं, जा, वाघ खाओ तुले. आमी रोजच म्हनतो. बैलाले बी म्हनतो." तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी खाल्लं."

अतुलचे डोळे भरून आले. ते त्यानं पुसले नाहीत.

"हे कोनाले सांगितलं होतं का?"

"नाई," मंगली म्हणाली. "तुमालेच सांगाले तीनदा आली होती."