आँसेल्मने भरलेलं तेल

तोफेच्या अंगावर कोरलेला आकडा आँसेल्म ओझूफने बोटांनी चाचपला आणि ओळखला. चार वर्षांपूर्वी फ्रेंच सैन्यात मिस्त्री असताना याच तोफेची देखभाल तो करायचा. पराभवानंतर जर्मनांनी ती पळवली होती. आता नॉर्मंडीच्या या कड्यावर, त्याच्याच गावच्या माथ्यावर, काँक्रीटच्या कोठडीत ती समुद्राकडे तोंड करून उभी होती.

“काय लोहारबुवा, जुनी ओळख निघाली वाटतं?” दुरुस्तीसाठी त्याला गावातून बोलावून आणणारा जर्मन सार्जंट कूनेर्ट हसला. “तेल गळतंय. दुपारी बार काढून बघायचाय.”

धक्का झेलणाऱ्या नळकांड्यातली चामड्याची चकती कुजली होती. आँसेल्मने नवी बसवली. तेल मात्र निम्मंच भरलं. पहिल्याच बाराला नळी मागे आदळून सगळा सांगाडा मोडेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हात पुसून तो निघाला.

“निघालास कुठे?” कूनेर्टने दंड धरला. “बार निघेपर्यंत तोफेमागे उभं राहायचं. माझी पोरं उभी राहतात, तूही राहा.”

तोफेमागे पाच सैनिक होते. त्यातला एक भाकरीचा तुकडा चघळत कसलीशी नक्कल करून बाकीच्यांना हसवत होता. गोळा आत सरकवला गेला.

“थांबा!” त्याचा आवाज चिरकला. “झाकण… तेलाचं झाकण नीट बसलेलं नाही, साहेब.”

कूनेर्ट त्याच्याकडे बघत राहिला. आँसेल्मने उरलेलं तेल ओतलं. बार निघाला. तोफ मागे सरकली आणि अलगद जागेवर आली. सैनिकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी त्याच्या बायकोने, लेओंतीनने, सूप पुढे ठेवलं. “ठरल्याप्रमाणे तोफ मोडलीस ना?”

“नीट केली.”

त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, “भ्यालो गं मी.”

“त्यांच्यासाठी की स्वतःसाठी?”

“ते मलाही कळलं नाही.”

“बरं, जेव आता. निवतंय ते.”

जूनमध्ये एका पहाटे समुद्र मित्रराष्ट्रांच्या जहाजांनी भरून गेला. कड्यावरून तोफ धडाडू लागली. प्रत्येक धडाक्याला आँसेल्म भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचा. अकरा बार झाले, मग जहाजांच्या माऱ्याने कडाच हादरला आणि वरचा आवाज थांबला.

दुपारी तो किनाऱ्यावर गेला. जहाजांतून उतरलेल्या सैनिकांतल्या जखमींना वाळूवरून उचलून आणायला माणसं कमी पडत होती. अंधार पडेपर्यंत त्याने स्ट्रेचर वाहिली. पाय गमावलेल्या एकाने त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. तुला लागलेला गोळा कुठल्या तोफेचा, असं आँसेल्मला विचारावंसं वाटत होतं, पण जीभ रेटेना. त्याने तो हात सोडवून घेतला नाही.