शहाण्णव तासांची हवा

मित्रांनो, एखाद्या गच्चीवर घरघर करणारी टिनाची उभी पेटी तुम्ही पाहिली असेल. मी तसाच एक म्हातारा धूळमापक. माझ्यात पांढरा कागद लावतात. मी दिवसभर हवा ओढतो आणि हवेतली धूळ त्या कागदावर साठते. कागद आधी तोलतात आणि नंतर पुन्हा तोलतात. जेवढे वजन वाढले, तेवढी धूळ तुमच्या वाट्याची. मी किती तास चाललो हे माझ्या अंगावरचे एक छोटे मीटर मोजते. ते मागे फिरवता येत नाही.

रायपूरच्या एका सल्लागार कंपनीत मी अकरा वर्षे राबलो. सुरुवातीला गंगाधरराव मला सांभाळत. मऊ फडक्याने पुसत आणि सगळ्यांना सांगत, "आमच्या ऑफिसात खोटं न बोलणारा हा एकटाच." ते निवृत्त झाले आणि मी देवश्रीच्या हाती आलो. ती चौबे कॉलोनीत राहणारी, रसायनशास्त्र शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. कागद बदलताना ती श्वास रोखून धरी, आपल्या फुंकरीनेही वजन बदलू नये म्हणून.

मग भनपुरीच्या पलीकडे गॅसवर चालणारे वीजघर बांधायचे ठरले. गॅस स्वच्छ जळतो, राख उडत नाही, असे वीजघराच्या कंपनीचे लोक सांगत. ते खरेही आहे. पण गॅस जळतानाही विषारी वायू निघतात. ज्या हवेत ते मिसळणार, ती आधीच किती घाण आहे, हे मोजायचे काम माझ्याकडे आले. हवा मर्यादेबाहेर निघाली तर वीजघराची परवानगी अडणार होती. तीन महिन्यांत चोवीस दिवस मला चालायचे होते.

देवश्रीने माझी तपासणी करवून प्रमाणपत्र घेतले, त्यावर मीटरचा आकडा नोंदवला आणि मला भनपुरीतल्या इंदूकाकूंच्या गच्चीवर बसवले. त्यांचे यजमान बंडूकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. आता दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम्याचा पंप ओढावा लागे. माझी वायर त्यांच्याच बोर्डात होती. पहिल्या दिवशी कागद काढला तेव्हा तो तव्याच्या बुडासारखा दिसत होता. इंदूकाकू तो बघतच राहिल्या.

"हे सारं ह्यांच्या छातीत जाऊन राहिलं का वो पोरी?"

देवश्रीने तो कागद जपून पाकिटात घातला आणि नवा लावला.

मी सलग चार दिवस चाललो आणि चारही दिवस धूळ मर्यादेच्या दुप्पट निघाली. पाचव्या दिवशी आमच्या कंपनीचे साहेब, दिवाकरराव, स्वतः आले. आकडे पाहून त्यांनी वही मिटली.

"पॅक कर. बाकीचे दिवस ऑफिसात लिहू."

"पण सर, मोजल्याशिवाय कसं लिहायचं?"

"दहा वर्षांपासून मी लिहून राहिलो ना? तू शिकवशील मले?"

मला कोठारात फेकले. माझ्या नावावर वीस दिवसांची स्वच्छ हवा लिहिली गेली आणि माझे चार काळे कागदही अहवालात पांढरे झाले. मित्रांनो, गंजलो तेव्हा मला राग आला नव्हता. माझ्या तोंडी खोटे घातले तेव्हा आला.

वीजघराबद्दल लोकांचे म्हणणे ऐकायच्या जनसुनवाईच्या दिवशी मांडवात लोक दाटले होते. आपली आधुनिक साधने दाखवायला दिवाकररावांनी मलाच टेबलावर मांडले होते, वर झेंडूचा हार घालून! चोवीस दिवस मोजणी झाली आणि हवा मर्यादेत आहे, असे त्यांनी वाचून दाखवले. तेवढ्यात इंदूकाकू उठल्या आणि थेट माझ्यापाशी आल्या.

"साहेब, हा डब्बा माझ्या गच्चीवर चार दिवस होता. चोवीस दिवस काहून लिहून राहिले?"

दिवाकरराव सुनवाई घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे वळून हसले. "सर, बुजुर्ग हैं. याद नहीं रहता."

"मले याद नाही? माझा माणूस श्वासाले तरसून राहिला, अन् मले याद नाही?" त्यांची मूठ टेबलावर आदळली, तेव्हा माझे पत्रेही थरथरले.

अधिकाऱ्याने देवश्रीला विचारले, "मॅडम, मशीन आपने लगाई थी?"

ती उभी राहिली. दिवाकरराव तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"जी सर. मुझसे मत पूछिए, मीटर पढ़िए. शुरुआत का नंबर आपके हाथ की रिपोर्ट में लगे प्रमाणपत्र पर है."

अधिकाऱ्याने पान उलटले. प्रमाणपत्रावर होते नऊ हजार एकशे बारा. मग तो वाकला. माझ्या मीटरवर होते नऊ हजार दोनशे आठ. फरक शहाण्णव तासांचा, म्हणजे बरोब्बर चार दिवस. मांडवात असा गलका उठला की माईकचा आवाज त्यात बुडाला.

पुढे काय झाले ते ऐका. अभ्यास नव्याने करण्याचा आदेश निघाला. देवश्रीची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. आणि दिवाकररावांनी लेखी खुलासा दिला की मीटरच बिघडलेले होते. माझ्या कपाळावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवून मला पुरावा म्हणून सरकारी खोलीत ठेवले आहे. अकरा वर्षांत एक तास चुकलो नाही, आणि सापडले त्यांचे खोटे, तर नादुरुस्त मी!

देवश्री आता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवते. मध्यंतरी ती जबाब द्यायला इथे आली, तेव्हा तिने चिठ्ठी वाचली आणि संतापाने तिचे कान लाल झाले. मग ती कारकुनाला जे सांगत होती ते मी ऐकले. इंदूकाकूंच्या गच्चीवर नवा धूळमापक बसला आहे. पाऱ्यातले, म्हणजे त्या वस्तीतले, लोक पाळीपाळीने वर जातात आणि रोज त्याच्या मीटरचा आकडा वहीत उतरवून खाली सही करतात. बंडूकाकांना जिना चढवत नाही. ते खाली खुर्ची टाकून बसतात आणि घरघर थांबली की हाक मारतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी तर कराच. पण तुमच्या हवेचा, तुमच्या पाण्याचा अहवाल कोणी तुमच्यासमोर वाचला, तर टाळ्या वाजवू नका. यंत्र कुठे आहे ते विचारा. सांगतील त्या गच्चीवर स्वतः चढा आणि ते चालू आहे का, ते आपल्या डोळ्यांनी बघा.