उघडा पंजा

पाणीपुरवठा केंद्राच्या कचेरीत तिला चांदणीबाई म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टाच जास्त होती. केंद्रातली कामाची सगळी जुनी पत्रकं मार्कडाउनमध्ये उतरवून काढायचं काम तिच्याकडे होतं. साध्या मजकुरातच खुणा टाकायच्या, बाकीची सजावट यंत्र करतं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या, म्हणजे * ही खूण, दिल्या की तो ठळक होतो. यादीतल्या प्रत्येक ओळीआधी नुसता एकचा आकडा आणि टिंब दिलं की छापताना एक, दोन, तीन असे आकडे आपोआप पडतात. मधली ओळ काढा, नवी घाला, आकडे आपले आपण सरकतात. या सोयीवर ती जाम खूश होती. येईल त्याला धरून दाखवायची, आणि लोक बिचारे घड्याळाकडे बघायचे.

त्या दुपारी ती क्लोरीनच्या खोलीबाहेर लावायचा बोटांचा तक्ता करत होती. सिलिंडर बदलायला आत जाणाऱ्याच्या तोंडावर मास्क असतो, बोललेलं बाहेर ऐकू येत नाही. म्हणून एकेक पायरी झाली की तो काचेतून तितकी बोटं दाखवतो, आणि बाहेरचा माणूस हातातल्या कागदावर ती पायरी बघून पुढचं काम करतो. तिच्या दादाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीसुद्धा तो तसंच करायचा. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण सुटलं की तोंडातून शब्द न काढता पंजा उघडून दाखवायचा. पाच, म्हणजे सैल झालं. परत लावून आवळलं की सहा. वहिनी वैतागायची, पोरं खिदळायची.

तक्त्यावर तिने उघड्या पंजाचं चित्र टाकलं, नव्या कागदावरून त्याच्यासमोरची ओळ उतरवली आणि वाचली. पाच: नव्या सिलिंडरचा सांधा घट्ट झाला, बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा.

पण दादाचे पाच म्हणजे तर सैल.

जुना कागद तिने खणातून ओढून काढला. तिथे पाच म्हणजे जुन्या सिलिंडरचा सांधा सैल केला. घट्ट झाला, ती सहावी. मधे काय घडलं ते तिला शोधावं लागलं नाही. ‘मास्क तपासा’ ही जुन्या यादीत दुसरी पायरी होती, म्हणजे माणूस खोलीत शिरल्यानंतरची. हा कुठला शहाणपणा, म्हणून तिने ती ओळ यादीतून उचलून पानाच्या डोक्यावर नेली आणि चांदण्या टाकून ठळक केली. खरं सांगायचं तर दादासाठीच. मास्कच्या बाबतीत तो पहिल्यापासून बेफिकीर. ओळ वर गेली आणि खालचे सगळे आकडे गुपचूप एकेक घर सरकले.

नवा कागद आजपासून लागू होता, आणि आज आत जायची पाळी दादाची होती. त्याने तो वाचलाच नव्हता. काल जेवताना त्याने विचारलं होतं, नजरेखालून घालू का एकदा म्हणून. आणि ती वाढता वाढता म्हणाली होती, “अरे, नुसती मांडणी बदललीय. बाकी काही बदललेलं नाही.”

बाहेर कागद घेऊन उभे राहायचे ते शिफ्टचे साहेब. तिने त्यांना फोन लावला. वाजत राहिला. त्या बाजूला जाताना फोन दाराशी पेटीत ठेवावेत, हा नियमही तिनेच ठळक केला होता.

ती धावत जिना उतरली. टाक्यांमधल्या अरुंद वाटेवर एक चप्पल मागेच राहिली. साहेब कागदाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस. एरवी तिला त्यांचं केवढं अप्रूप, पण आज त्याच गुणाने तिचा जीव टांगणीला लागला होता. एकदा तरी कंटाळा करा, एकदा तरी चुका, असं ती मनातल्या मनात त्यांना विनवत होती.

कोपऱ्यावरून वळली तेव्हा काचेपलीकडे दादाचा उघडा पंजा दिसला. साहेबांनी कागदावर बोट ठेवून ओळ वाचली, मान डोलावली आणि व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. ती हाक मारायला गेली, पण धापेत आवाज फुटेना. चाक फिरलं. त्याच नळीला जोडलेल्या दुसऱ्या सिलिंडरमधला गॅस उघड्या सांध्याकडे सुटला आणि आतला भोंगा कोकलायला लागला.

ती चाकावर जवळजवळ पडलीच. “बंद करा, सांधा उघडा आहे.”

“पाच दाखवलेत त्याने,” साहेब म्हणाले.

“त्याचे पाच जुने आहेत.”

काय ते साहेबांना कळलं नसावं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी उलटा जोर लावला. दोघांनी मिळून चाक आवळलं. काचेमागे हिरवट पिवळा धूर दाटला होता आणि पंजा दिसत नव्हता. तिला वहिनी आठवली, पोरं आठवली. आता घरी कुठल्या तोंडाने जायचं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

मग पलीकडचं दार ढकलून दादा बाहेर आला. मोकळ्या हवेत जाऊन त्याने मास्क उतरवला. गालांवर पट्ट्यांचे खोल वळ उठले होते. साहेब सांगत होते, की हा नको नको म्हणत होता, पण कागदावर सगळ्यात वर ठळक लिहिलेलं, म्हणून मी स्वतः याचे पट्टे ओढले. ते ऐकून ती हमसून हमसून रडायला लागली. सुटका झाली म्हणून, आणि लाजेनेही.

दादाने तिला रडू दिलं. मग म्हणाला, “काही बदललेलं नाही म्हणालीस तू.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. “हो,” ती म्हणाली, “म्हणाले.”

त्याने साहेबांच्या हातातला कागद घेऊन तिच्या हातात दिला आणि पायरीवर बसला. “वाच आता. पहिल्या पायरीपासून.”

ती वाचायला लागली. प्रत्येक ओळीला तो एकेक बोट उघडत गेला. चारपर्यंत तिचा आवाज कसाबसा टिकला. मग त्याने अंगठा उघडला, पंजा तिच्यासमोर तसाच धरून ठेवला, आणि तिला पाचवी पायरी वाचता येईना.