तानाजीचं जावळ

सहदेव न्हावी चामोट्यावर वस्तरा ओढत बसला होता. धार कधीच लागली होती. तो उगाच वेळ काढत होता.

शहाडला गंगुबाईच्या अंगणात आज तिच्या नातवाचं जावळ होतं. आधीची दोन नातवंडं वर्ष भरायच्या आत गेली. हा तानाजी तेवढा वर्षाचा झाला. पोराला ओरखडाही उठता कामा नये, असं तिने सकाळपासून तीनदा बजावलं होतं. ते सहदेवालाही ठाऊक होतं. पण प्लेगात बायको शेवंती गेल्यापासून त्याने एकाही तान्ह्या पोराला वस्तरा लावला नव्हता.

वीस वर्षं नवराबायकोने मिळून जावळं काढली. पोर मामाच्या मांडीवर, आणि त्याच्या पाठीवर शेवंतीचा तळहात. उसळी मारायच्या आधी पोर श्वास धरतं, ते तिच्या हाताला कळायचं. ती "उचला" म्हणाली की सहदेव वस्तरा उचलायचा. पोराकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. तो फक्त केस बघायचा.

आंबिवलीहून आलेल्या गोविंदामामाने भाच्याला घट्ट आवळून धरलं. पोराने टाहो फोडला. सहदेवाने कोमट पाण्याने केस भिजवले, मानेवरून दोन पट्टे काढले. कानापाशी आल्यावर मात्र तो सवयीने शब्दाची वाट बघत राहिला. शब्द आला नाही. तानाजीने मान झटकली आणि पातं कानाला चाटून गेलं.

रक्त नव्हतं. सहदेवाने तरीही वस्तरा खाली ठेवला. आपल्याने होत नाही, कल्याणहून दुसरा कोणी आणा, असं तो म्हणाला. गंगुबाईचा चेहरा उतरला. अर्धं जावळ ठेवून पोर उंबऱ्याच्या आत न्यायचं कसं, असं ती विचारत राहिली.

सहदेवाने वस्तरा पुन्हा हातात घेतला. मग त्याने गोविंदाला पकड सैल करायला सांगितली. एक हात पाठीवर ठेवायचा, जोर न लावता. पोराचा श्वास अडला की बोलायचं.

"काय बोलायचं?"

तो शब्द सहदेवाच्या तोंडून लवकर निघेना. "उचला म्हणा," तो म्हणाला.

"आता न्हाव्याला अहो-जाहो करू?"

"कर की," गंगुबाई म्हणाली. "वस्तरा त्याच्या हातात हाय."

गोविंदाने पकड सैल केली, तळहात पोराच्या पाठीवर ठेवला. पोराचं रडणं हुंदक्यांवर आलं. सहदेव कानामागून वर सरकला, टाळूच्या कडेला पोचला. तिथली कातडी श्वासागणिक वरखाली होत होती.

"उचला."

आवाज पुरुषाचा होता, तरी हात आपोआप वर गेला. तानाजीने उसळी मारली. वस्तरा तोवर हवेत होता.

असं आणखी चारदा झालं. मग पोराच्या आत्याने पदरात झेललेले केस गोळा केले. गंगुबाईने नातवाच्या डोक्यावरून बोटं फिरवली, एकदा आणि पुन्हा एकदा. कुठेही ओरखडा नव्हता. पुढल्या महिन्यात शेजारच्या शालूच्या लेकाचं जावळ आहे, येशील ना, असं तिने विचारलं.

सहदेव वस्तरा पुसत होता. "येतो," तो म्हणाला. "त्याच्या मामाला दोन दिवस आधी माझ्याकडे धाडा."